टिळकांचा डबा, लक्ष्मीबाईंचा तांब्या

मागच्या महिन्यात कामासाठी भिलाईला जाणं झालं. रायपूरपर्यंत विमान आणि पुढे टॅक्सी असा सरळ मामला होता. पण मी नागपूरला उतरलो आणि पुढचा तुकडा रेल्वेने केला. कारण मॅनेजरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मला आठवडाभर सक्तीची रजा दिली असती :)

कारण असं, की १८९३ मध्ये याच मार्गावरून बत्तिशीच्या आसपासचा एक मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगावला निघाला होता. डब्यात त्याला एक गोरा साहेब भेटला. गप्पा झाल्या. उतरण्याआधी साहेबाने त्याच्या हातात बायबलचा ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्या कवीने बाप्तिस्मा घेतला. भाकीत वेळेत डिलिव्हर झालं. आमच्या धंद्यात असं क्वचितच होतं.

हा कवी म्हणजे नारायण वामन टिळक. ऑफिसात नुसतं ‘टिळक’ म्हटलं की लोक लोकमान्यांवरच जातात. दोघेही मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. हे रेव्हरंड टिळक. जन्म करजगावचा, १८६१ चा. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य!’ वाचताना घसा दाटून आला होता ना, ती कविता यांची.

नागपूरहून गाडी सुटली. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया. गोंदियाला एक काका चढले आणि बसल्या बसल्या चिवड्याचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी मूठभर घेतला. मग चौकशी सुरू झाली. पहिला प्रश्न, कुठपर्यंत? दुसरा प्रश्न, पूर्ण नाव काय? आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय’ याचा अर्थ काय असतो हे विचारणाऱ्याला माहीत असतं, उत्तर देणाऱ्यालाही माहीत असतं. मी आडनाव सांगितलं. काकांनी मान डोलावली, त्यांच्या डोक्यातला कुठलासा कॉलम भरला गेला, आणि गप्पा पुढे सरकल्या. माणूस अगदी प्रेमळ होता हो. चिवडा आधी, आडनाव नंतर, हेही काही कमी नाही.

१८९३ मध्ये हा क्रम असा नव्हता.

थोडं रेल्वेबद्दल बोलतो, कारण तो माझा वीक पॉइंट आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. नागपूर ते राजनांदगाव ही सुरुवातीला मीटर गेजची वेगळी लाइन होती. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉड गेज केली. म्हणजे टिळक बसले तो रस्ता तसा नवाकोराच होता. आणि रेल्वे ही चीजही समाजाला अजून पचायची होती. तिकीट काढणाऱ्याला जात विचारत नाहीत, बाकावर कोण शेजारी बसेल ते आपल्या हातात नाही. मग लोकांनी वाटा काढल्या. स्टेशनांवर हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं. सोवळ्यातली माणसं प्रवासात दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या न्यायची, कारण पाण्याला विटाळ चटकन होतो, दुधातल्या दशमीला तितका नाही. ही खरोखरची ‘वर्कअराउंड’ आहे. नियम मोडायचा नाही, पण भूकही भागली पाहिजे.

अशा डब्यात एक ब्राह्मण कवी आणि एक युरोपियन मिशनरी बोलत बसतात, हीच मला त्या गोष्टीतली मोठी गोष्ट वाटते. पुस्तक देणं त्यानंतरचं. टिळकांच्या घरी तो साहेब ओसरीपर्यंतच आला असता. साहेबाच्या बंगल्यावर टिळक गेले असते तर उमेदवार म्हणून उभे राहिले असते. डब्यात दोघेही प्रवासी.

हा झटका एका रात्रीत बसला असंही नाही. टिळकांचा स्वभाव मुळात फिरस्ता. नाशिकला संस्कृत शिकले, कीर्तनं-पुराणं केली, गावोगावी मास्तरकी केली, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. पैसा हातात टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. जातिभेद हा देवाने केलेला नाही, या निष्कर्षापर्यंत ते त्या गाडीत बसण्याआधीच आले होते. पुस्तक वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले. तिथून पुढे सुटका नाही. आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं पुन्हा असं, की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या पुलावरून. बाप्तिस्मासुद्धा गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता देशी पाळकाच्या हातून घेतला. म्हणजे साहेबाच्या हातचं पुस्तक चाललं, पण दीक्षा आपल्या माणसाकडून. हा माणूस मला इथे फार आवडतो.

पुण्याला परतल्यावर हे सगळं बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि हे बायकोला कधी सांगितलं त्यांनी?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाप्तिस्मा घेण्याआधी की नंतर?"

नंतर. बाप्तिस्मा मुंबईत झाला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी त्यांच्यापर्यंत मागाहून पोचली.

"वाटलंच," ती म्हणाली. "तू भिलाईचं प्रोजेक्टही घेऊन झाल्यावरच सांगितलंस."

असो.

पण तिचं म्हणणं डोक्यात राहिलं, आणि त्या शनिवार-रविवारी मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. १९३४ पासून त्याचे भाग निघाले, आणि शेवटचा भाग निघाला त्याच सुमारास, १९३६ मध्ये, त्या गेल्या. वाचलं नसेल तर हा लेख इथेच सोडा आणि ते वाचा, मी रागावणार नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याने अक्षरओळख करून दिलेल्या बाईने इतकं खळखळून हसवणारं आणि कुठेही रडगाणं न गाणारं मराठी लिहून ठेवलंय, की आपण ब्लॉगवाल्यांनी लाजावं.

पुस्तकाची सुरुवातच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने होते. नाशिकजवळचं जलालपूर. वडील गोखले. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली आणि त्या प्रसंगापासून जावयांना, म्हणजे यांच्या वडिलांना, सोवळ्याने झपाटलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मीठसुद्धा, साखरसुद्धा! आमच्याकडे इनपुट व्हॅलिडेशन म्हणतात त्याची ही पराकाष्ठा. डेटा इतका स्वच्छ करायचा की शेवटी डेटाच विरघळून गेला पाहिजे. वाचताना हसू येतं. पण त्या घरात वाढणाऱ्या पोरांचं काय होत असेल ते लक्षात आलं की हसू जरा बेतानेच येतं.

या घरातली मुलगी १८८० मध्ये, अकराव्या वर्षी, टिळकांच्या घरात आली. टिळक तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. आणि पंधरा वर्षांनी नवरा ख्रिस्ती झाला.

याचा व्यवहारातला अर्थ आज आपल्याला चटकन कळत नाही. ‘धर्म बदलला’ म्हटलं की आपल्याला देव्हारा, प्रार्थना, फार तर नाव आठवतं. तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा. आता नवऱ्याने भरलेल्या घागरीतलं पाणी प्यायचं का? त्याने शिवलेल्या पातेल्यातला भात चालेल का? लेकराला बापाने उचलून घेतलं, तर त्याला आंघोळ घालायची का? श्रद्धा वगैरे गोष्टी रविवारच्या. हे प्रश्न रोज सकाळी सहापासून सुरू.

आपण ‘घटस्फोट’ हा शब्द वापरतो ना, तोही मूळचा पाण्याचाच. जुन्या धर्मशास्त्रात पतित झालेल्या माणसाला जिवंतपणी मेलेला धरून, त्याच्या नावाने पाण्याचा घडा पालथा घालायचा विधी आहे, तो घटस्फोट. माणूस जिवंत, पण त्याचं पाणी संपलं. नवराबायकोच्या वेगळं होण्याला हा शब्द नंतर चिकटला. मला हे कळलं त्या दिवशी मी दोन मिनिटं स्क्रीनकडे नुसता बघत बसलो होतो.

कायद्यानेही वाट करून ठेवली होती. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसा हक्क शाबूत राहिला. १८६६ चा कायदा तर थेट लग्नाबद्दल होता. ख्रिस्ती झालेल्याचा जोडीदार त्याच कारणाने नांदायला तयार नसेल तर कोर्टात जायचं, कोर्ट त्या जोडीदाराला विचारणार, विचार करायला मुदत देणार, तरीही नकार आला तर लग्न संपलं, दोघेही मोकळे. टिळकांनी ही वाट धरली नाही. लक्ष्मीबाईंनीही कुंकू पुसलं नाही. चार-पाच वर्षं दोघं लग्नाची राहून वेगळी राहिली. त्या नातेवाइकांकडे, छोट्या दत्तूला घेऊन, आणि हे मिशनच्या आश्रयाने अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर).

नगरला टिळक शिकवत होते. अमेरिकन मराठी मिशनची तिथे धर्मोपदेशक तयार करणारी शाळा होती. म्हणजे हे प्रवचन करणाऱ्यांचे मास्तर. आणि या मास्तरांनी बघितलं काय, तर देवळात इंग्रजी चालींवर बेतलेली मराठी गाणी म्हणतायत, आणि म्हणणाऱ्यांच्या जिभेला ती चाल काही केल्या बसत नाही. नगरमध्येच कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळक त्या वाटेने बरेच पुढे गेले. अभंग, ओव्या, भजनं. आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी टिळक भेटतात. माझ्या नगरच्या एका मित्राच्या घरी नाताळात टाळ-मृदंगावर भजन ऐकलं तेव्हा डोळे मिटून मी आळंदीत असल्यासारखा बसलो होतो. मित्राच्या आईने नंतर हातात करंज्यांची ताटली दिली आणि म्हणाल्या, "घे रे, शाकाहारीच आहेत!" त्यांना किती वेळा कुणीकुणी विचारलं असेल, की न विचारता सांगायची सवय लागावी?

तर लक्ष्मीबाई. त्या अखेर नगरला आल्या, पण आपल्या अटींवर. स्वैपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं तसंच. नवरा ख्रिस्ती उपदेशक आणि बायको त्याच गावात आपली चूल सांभाळतेय! मिशनच्या लोकांना हे विचित्र वाटलं असणार, नातेवाइकांना तर भयंकरच. आणि टिळक? गोष्टीगोष्टीवर भडकणारा, न सांगता उठून चालू लागणारा हा माणूस इथे मात्र थांबला. जबरदस्ती केली नाही. ज्याने गाडीतल्या एका भेटीनंतर दोन वर्षांत आयुष्य उलटंपालटं करून टाकलं, त्याने बायकोच्या तांब्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. न सांगता घेतलेल्या निर्णयाचं व्याज म्हणा हवं तर. (बायकोने हे वाक्य वाचलं आणि "हं" एवढंच म्हणाली.)

मग लक्ष्मीबाईंनी एक दिवस स्वतःच विचार केला. कुणाचं प्रवचन ऐकून नाही, कुठलं पुस्तक वाचून नाही. देवाने माणसांत जाती केल्या असतील तर त्या दिसायला हव्यात. बाई आणि पुरुष हा भेद दिसतो. ब्राह्मण आणि महार हा भेद अंगावर कुठे दिसतो? नाही दिसत, म्हणजे तो माणसाने केला. संपलं. त्यांनी जाहीर केलं की आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन, कुणाच्याही हातचं पिईन.

आता क्रम बघा. बाप्तिस्मा १९०० सालचा. तांब्या आधी सुटला. ख्रिस्त पटला म्हणून जात सोडली असं नाही; जात सोडली तेव्हा त्या अजून ख्रिस्ती नव्हत्या. टिळकांचंही तसंच, जातीबद्दलचं उत्तर आधी, नवा करार नंतर. धर्मांतराच्या इतिहासावर आपल्याकडे एवढी भांडणं होतात, कुणी आमिष म्हणतं, कुणी मुक्ती म्हणतं, आणि सगळे जण बाप्तिस्म्याच्या तारखेवर बोट ठेवून भांडतात. मला वाटतं बोट चुकीच्या तारखेवर आहे. ज्या दिवशी मीठ धुणाऱ्या वडिलांच्या मुलीने कुणाच्याही हातचं पाणी पिण्याचं ठरवलं त्या दिवसाची तारीख कुठल्या रजिस्टरात नाही. पाळकाने डोक्यावर शिंपडलेलं पाणी नोंदलं जातं. घशाखाली उतरलेलं नाही.

टिळकांची गोष्ट इथे संपत नाही, पण मी भरभर जातो. घर नेहमी भरलेलं, अनाथ पोरं, विद्यार्थी, कवी. बालकवी ठोंबरे तर घरच्यासारखेच राहिले. १९१७ मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालतील, न घेतलेलेही चालतील, ख्रिस्ताचे अनुयायी असले म्हणजे झालं. चर्चच्या बऱ्याच मंडळींना हे पचलं नसणार. त्यांचंही एक सोवळं असतंच. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अर्धवट राहिलं होतं. पुढचे साठावर अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

हे सगळं मी का लिहितोय? माझी आजी नाशिकची. तिच्याकडे ‘स्मृतिचित्रे’ची प्रत होती, बाइंडिंग सुटलेली, सुतळीने बांधलेली. दुपारी वाचून दाखवायची. मीठ धुण्याच्या प्रसंगाला तिला इतकं हसू यायचं की चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे. आणि त्याच आजीच्या मागच्या दाराशी, खिडकीत, कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असायचा. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही. मी आजीला विचारलं नाही कधी. लहान होतो म्हणून नाही. मला त्यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. आजी वाईट नव्हती. तिने त्या बाईंच्या मुलीच्या शाळेची फी भरलेली आहे.

पुस्तक मिटवून स्वैपाकघरात गेलो. आमच्याकडे सहा मग आहेत, प्रत्येक कंपनीने काही ना काही निमित्ताने दिलेले. आमच्या मावशींना चहा आम्ही स्टीलच्या पेल्यात देतो. चार वर्षं. बायकोला विचारलं, पेला का? ती जरा थबकली. म्हणाली, "मावशीच म्हणाल्या होत्या बहुतेक, पेला बरा म्हणून." मग म्हणाली, "की मीच पहिल्या दिवशी पुढे केला होता? आठवत नाही."

सोमवारी सकाळी वर्क फ्रॉम होम होतं. मी आमच्या तिघांचा चहा तीन मगांत ओतला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. चहा प्यायल्या. नेहमीप्रमाणे भांडी आवरली. आमचे दोन मग धुऊन मांडणीवर लावले. तिसराही घासला, नीट विसळला, आणि खिडकीत, त्यांच्या पेल्याशेजारी, पालथा घातला.